आईसाठी सुटे तुकडे

घास

आई, जेवून घे. आ कर. हं. अजून एक.

हे बरं आलं. घोगरं आहे, पण आई म्हणेल सर्दी झालीय. मोबाइल उशीवर, रेकॉर्डिंग चालू, दार लावलेलं, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर आत येते. उद्या सकाळी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत आणि गाठीबरोबर अख्खं स्वरयंत्र. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. मी विचारलं, आणि आवाज? ते पेनाला टोपण लावत बसले.

पलीकडच्या खोलीत आई आहे. तिला दिसत नाही, आणि हल्ली फारसं आठवतही नाही. एकेक माणूस तिच्या डोक्यातून उतरून गेलं. उरलाय माझा आवाज. तो ऐकला की ती तोंड उघडते. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ मिटून भिंतीकडे वळते. मध्यंतरी तपासण्यांसाठी मला दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा बदली बाई ठेवली होती. परत आले तर आईची बांगडी मनगटावरून थेट कोपरापर्यंत सरकत होती.

म्हणून हे तुकडे. उद्यानंतर, आधी बदली बाईनं आणि दवाखान्यातून आले की मी, तिच्याजवळ बसायचं, बटण दाबायचं, मोबाइलनं बोलायचं. पण एकदा तोंड उघडलं की मला थांबता येत नाही, हे जुनंच दुखणं. ‘अजून एक’च्या पुढचं सगळं पुसायचंय.

कूस

आई, या कुशीवर वळ. मी धरलंय तुला.

पुन्हा. ‘धरलंय’वर आवाज घसरला.

आई, या कुशीवर वळ. मी धरलंय तुला.

बाबा कापडाच्या कारखान्यात मागावर कामाला होते. यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान खाल्ले. आणि आईचा आवाज असा, की उंबऱ्यापर्यंत पोचता पोचता दमायचा. त्या दोघांच्या मधे मी. आई माझ्या कानात पुटपुटणार, मी ते बाबांपर्यंत ओरडणार. ‘आई म्हणतेय, चहा गार होतोय.’ भांडणंसुद्धा माझ्याच तोंडून व्हायची. ‘आई म्हणतेय, तुम्ही सोयीनं बहिरे आहात.’ बाबा वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचे, ‘तिला सांग, हे मला ऐकू आलं नाही.’ आई तोंडावर हात ठेवून हसायची. हसणं तेवढं मला पोचवावं लागत नसे.

माझं नाव भोंगा बाबांनी ठेवलं. म्हणायचे, मला दोनच गोष्टी ऐकू येतात, कारखान्याचा भोंगा आणि घरचा.

शाळेत गाण्याच्या बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं. ‘तू फक्त ओठ हलव.’ घरी येऊन मी रडरड रडले. आई म्हणाली, ‘बाईंना सांग, माझा संसार हिच्या गळ्यावर चाललाय.’

आता फक्त ओठच हलवायचेत, बाई. शिकवलंत ते कामी आलं.

हे पुसायचं.

घाबरू नकोस

आई, घाबरू नकोस. मी इथेच आहे.

चांगलं आलं. डॉक्टरांनी बजावलंय, बोलणं बंद ठेवा, ताण देऊ नका. म्हणजे कधीसाठी राखून ठेवू?

बसस्थानकात घोषणा करायची नोकरी लागली, तेव्हा मोठ्यानं बोलणं पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. काचेची खोली, समोर माइक, खाली माणसांचा नुसता गलका. मी बोलले की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. घरी गेले की नवरा म्हणायचा, ‘इथे तरी फलाटावरून खाली उतर.’ उतरले. इतकी उतरले की मी घरात आहे की नाही, हेच त्याला कळेनासं झालं. पुढे त्याला हळू बोलणारी भेटली. तिचं म्हणे खोकणंही ऐकू येत नाही. मी बॅग घेऊन आईकडे आले. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. दार उघडून आई म्हणाली, ‘आलीस का गं भोंग्या? घर नुसतं बहिरं झालं होतं.’ का आलीस, हे तिनं आजवर विचारलेलं नाही.

मग बसस्थानकात यंत्र आलं. माझा आवाज भरून घ्यायला एक तंत्रज्ञ आला होता. गावांची नावं वेगळी, आकडे वेगळे, ‘उशिरा सुटेल’ वेगळं. सारखा म्हणायचा, ‘ताई, भाव नको. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता आला पाहिजे.’ मी भाव काढून टाकला. काम झालं आणि मीही निघाले. आवाज तिथे राहिला. अजून आहे. गाडी चुकलेल्यांना आणि मिळालेल्यांना एकाच सुरात सांगतो.

परवा दादाला फोन केला. तो लांब असतो, लांबूनच प्रेमळ आहे. म्हणाला, ‘मग आईला स्थानकात नेऊन बसव ना. तिथे तू दिवसभर बोलतच असतेस.’ स्वतःच हसला. मग म्हणाला, ‘तिला आता काही कळत नाही गं. कशाला जीव जाळतेस.’

पुसायचं. दादासकट.

चाचणी

हा तुकडा नाही. आज दुपारी काय झालं, तेवढं सांगते.

उद्यासारखंच करायचं ठरवलं होतं. मोबाइल आईच्या उशाशी ठेवला, ताट मांडीवर घेतलं, तोंड बंद. बटण दाबलं.

‘आई, जेवून घे,’ मोबाइल म्हणाला.

आईचा चेहरा उजळला. ‘काय केलंयस आज?’

‘आ कर.’

‘अगं, काय केलंयस, विचारतेय.’

‘हं. अजून एक.’

‘आधीचा कुठे दिलास,’ आई म्हणाली आणि हसली. मग तिनं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. उशी चाचपली. तिथे माणूस नव्हतं. मी होते दुसऱ्या बाजूला. मी तिचा हात धरला, तर पाल अंगावर पडल्यासारखा तिनं तो झटकला.

‘भोंग्या,’ ती उशीला म्हणाली, ‘इथे कुणी बाई येऊन बसलीय. काही बोलत नाही. तिला आधी घालव.’

मी घाईघाईनं दुसरा तुकडा लावला. ‘आई, घाबरू नकोस. मी इथेच आहे.’

‘तू आहेस गं. पण ती पण आहे ना,’ आई कुजबुजली. तिनं दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले. ‘ती माझा हात धरतेय.’

मला ते बघवेना. ‘आई, मीच गं ती.’

गळ्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. पण पोचलं.

‘अगंबाई, तू होय? मग मघापासून मुकाट का बसली होतीस?’ म्हणाली आणि तोंड उघडलं. ताटातलं सगळं संपवलं.

ताट धुताना मला कळलं. कितीही तुकडे भरले तरी ती विचारील ते त्यांत नसणार. आणि उद्यानंतर या घरात आईला मुलगी असेल ती उशीपाशी. हात धरणारी असेल ती कुणी बाई.

बाई

हा शेवटचा. रोज सगळ्यांत आधी लावायचा. संध्याकाळ झालीय. आईचा डोळा लागलाय, म्हणून तिच्या खाटेशीच बसून भरतेय. आवाजात आता निम्मी नुसती हवा आहे.

आई, मी भोंगा. मला कामावर जावं लागतंय. तुझ्याजवळ एक बाई ठेवलीय. तिला बोलता येत नाही. हात धरला तर झटकू नकोस. तिच्या हातून जेव. माझ्या विश्वासातली आहे ती. तिला घालवू नकोस.

‘कोण बाई येणार आहे?’

आई जागीच होती.

‘आहे एक,’ मी म्हटलं.

‘चांगली आहे का?’

‘बोलत नाही.’

‘मुळीच नाही?’ आई खुदकन हसली. ‘मग तुझं कसं जमायचं गं तिच्याशी?’

हे सगळं आत आलंय. तिचं हसणंही.

पुन्हा घेते. आई, मी भोंगा.