ओले सोवळे आणि एक जुना ऑटोक्लेव्ह

मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. रागावू नका. माझा कोणावरच नाही. तुम्ही आताच साबणाने हात धुऊन आला असाल, तरी तुमच्या नखांखाली कोण दडून बसले आहे ते मला कसे कळावे? संशय हाच माझा धंदा. गेली सव्वीस वर्षे कुंभकोणमच्या एका वीस खाटांच्या रुग्णालयात मी तो इमानाने करतो आहे.

माझा जन्म कोइम्बतूरच्या एका कारखान्यात झाला. जाड पोलादाचे आडवे पिंप, दाराला चाकासारखी मूठ, डोक्यावर दाबाचा काटा, जास्तीची वाफ सोडणारी एक झडप, आणि पोटाच्या तळाशी पाणी निघून जायला एक बारीक जाळी. या जाळीचा कोणी विचार करत नाही. मीही कधी केला नव्हता, आणि तेच मला भोवले. मला लॉरीतून उतरवले तेव्हा माझ्या कपाळाला चंदन-कुंकू लावले, चार लिंबे चिरडली आणि मला ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत बसवले.

माझे काम इडलीच्या भांड्यासारखे आहे, फक्त वाफ कोंडलेली. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांवर उकळते आणि तिथेच थांबते. एवढ्याने काही जंतू मरत नाहीत. ते जाड कवच करून बीजाणू होऊन बसतात आणि बरे दिवस येण्याची वाट बघतात. वाफ कोंडून पंधरा पौंड दाब केला की ती एकशे एकवीस अंशांवर जाते. अशा वाफेत अर्धा तास काढला की कवचाचेही काही चालत नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि चादरी कापडाच्या गठ्ठ्यांत बांधून माझ्या पोटात ठेवतात. गठ्ठ्यावर एक टेप चिकटवलेली असते, तिच्यावर बाहेर येताना काळे पट्टे उमटतात. पट्टे दिसले की डॉक्टर माझ्या दारावर थाप मारून म्हणत, "हा आहे तोवर चिंता नाही!" मित्रांनो, अशा स्तुतीने पोलादही फुगते.

माझी देखभाल भागीरथी अक्कांकडे होती. त्या थिएटरच्या मोठ्या सिस्टर. त्यांचे घराणे तंजावरच्या मराठी दरबारातले, म्हणून घरात अजून मराठी बोलतात, ती जुन्या वळणाची, मध्येच तमिळ शब्द येणारी. दाराबाहेर पडले की सगळे तमिळ. संशयाच्या बाबतीत अक्का माझ्यावर ताण करत. घरी त्यांचे कडक सोवळे. पहाटे धुतलेले लुगडे ओलेच नेसून त्या देवाचा स्वयंपाक करत. तीच रीत त्यांनी इथे आणली. मोरीशेजारी दगडाची एक फळी होती, ती त्या स्वतः ओल्या फडक्याने पुसत. माझ्या पोटातून निघालेले गठ्ठे त्या फळीवर ठेवले की खोलीत कोणी पाऊल टाकायचे नाही. "शिवूं नको!" ही त्यांची आरोळी डॉक्टर विष्णुप्रसादांनाही ऐकावी लागे, आणि रुग्णालय त्यांच्याच मालकीचे होते.

या वर्षी साक्कोट्टैहून मधुमिता आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, तीन महिने इथे काम शिकायला पाठवलेली. तिच्या कामाच्या वहीवर अक्कांची आणि डॉक्टरांची सही झाली तरच तिला परीक्षेला बसता येणार होते. तीही त्याच जुन्या मराठी घरांपैकी. मला मराठी येते ती या दोघींमुळे. काट्यावर लक्ष ठेवायला मधुमिता माझ्याजवळ स्टुलावर बसे आणि मोठ्याने अभ्यास करी. कातडी शाबूत असते तोवर जंतू बाहेरच राहतात, चिरली की आत शिरतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. जागा लाल होते, तापते, सुजते. त्या पेशी जंतूंना गिळतात आणि गिळता गिळता मरतात, त्यांचाच पू होतो. या पेशी मला फार आवडल्या. येईल त्याला 'तू कोण?' असे विचारणाऱ्या! पण मधुमिता पुढे वाचत असे की कधी कधी त्या आपल्याच माणसाला परका समजून त्याच्यावर उठतात. ते वाक्य मला आवडले नाही.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास, कुठेतरी पाणी मुरू लागले. तीन आठवड्यांत तीन रुग्णांचे टाके चिघळले. तिसरा मणी, तिरुभुवनमचा रेशमी साड्या विणणारा. त्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावडी दाबायची तर पोटात जोर लागतो, आणि त्याच्या जखमेतून हिरवट पू येत होता. डॉक्टरांनी एक प्रतिजैविक दिले, चार दिवसांनी दुसरे, त्याहून जालीम. जंतू कोणता ते ठाऊक नसताना दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. लागला तर लागला. नाही लागला तर जे जंतू त्याला पुरून उरतात तेच माजतात.

आता मी संशयाला बसलो. डॉक्टर मास्क नाकाखाली ओढतात, मी पाहिले होते. झाडणारी बाई एकच फडके दोन खोल्यांत फिरवते. मणी स्वतःच जखम उकरत नसेल कशावरून? आणि ही नवी पोरगी, तिची वेणी केवढी लांब! एकावरही मी दया केली नाही. स्वतःकडे मात्र वळून पाहिले नाही. माझे पट्टे काळे होते ना!

डॉक्टरांनी सगळ्यांच्या हातांचे आणि नाकांचे नमुने तपासायला दिले. मणीचा पू तंजावरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. नाकांचा निकाल आधी आला. मधुमिताच्या नाकात स्टॅफिलोकॉकस निघाला, जखमा पिकवण्यात नावाजलेला. बस्स, झाले. ज्याच्या त्याच्या तोंडी तिचेच नाव. काल तिच्या हातून कॉफी घेणारे आज तिला दारातच थांबवू लागले.

"पुरावा हातात आहे, मी काय करू?" डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले. "सोमवारपासून येऊ नकोस. सहीचं नंतर बघू."

मधुमिता माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "अक्का, तिघांत एकाच्या नाकांत तो असतोच. पुस्तकांत आहे. तो दिसला म्हणजे मीच दिला असें कसें होतें?"

"मज पुस्तक शिकवूं नको गे," अक्का तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "माझ्या फळीस कोणी शिवत नाही. दोष बाहेरूनच आला."

खोटे कशाला बोलू? मला बरे वाटले. चोर सापडला आणि तो मी नव्हतो. आज त्या आनंदाची मला लाज वाटते.

शनिवारी मधुमिता आपली वही न्यायला आली. त्याच सकाळी मणीच्या पुवाचा अहवाल आला. डॉक्टरांनी तो वाचला, कपाळाला हात लावला आणि मणीला तिसरे औषध दिले. या वेळी अहवालात पाहून, लागू पडणारे. कागद टेबलावर टाकून ते वॉर्डात गेले. मधुमिताने तो उचलला.

"अक्का, हा माझ्या नाकांतला नव्हे. हा स्यूडोमोनास. याला ओल लागते. मोरीत, फडक्यांत, ओल्या दगडावर राहतो हा."

तिने खोलीभर नजर फिरवली. मोरी. फळी. फळीवर नुकतेच ठेवलेले गठ्ठे. मग तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, सव्वीस वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. तिने हात पुढे केला.

"शिवूं नको!" अक्का ओरडल्या.

पण तिने गठ्ठा उचलला होता. "हा तर ईरम आहे, अक्का. ओला."

"मग? ओलें तेंच कडक सोवळें. वाळलेल्या वस्त्रास कोण शिवलें कोण जाणे. ओल्यास कोणी शिवूं धजत नाही. आई मज हेंच सांगत आली."

"माणूस नाही शिवणार, अक्का. जंतूस सोवळें ठाऊक नाही. तुमच्या पिशवींतली कुंकवाची पुडी द्याल?"

अक्कांनी सारंगपाणीच्या देवळातली पुडी काढून दिली, बहुधा भांडणापेक्षा ते बरे म्हणून. मधुमिताने फळीचा एक कोपरा कोरडा पुसला आणि त्यावर कुंकू पसरले. एका बाजूला तो ओला गठ्ठा ठेवला, दुसऱ्या बाजूला कपाटातला एक वाळलेला. "मागाहून दोन्ही पुन्हा वाफेंत घालूं. कॉफीचा डिकॉक्शन उतरेपर्यंत थांबा."

दोघी शेजारच्या खोलीत गेल्या. मी आणि ते दोन गठ्ठे उरलो. कुंकू कोणत्या बाजूने साक्ष देणार हे मला कळत होते, आणि एकशे एकवीस अंश सोसलेला मी त्या निवलेल्या खोलीत गार पडलो.

परत आल्यावर अक्कांनी आधी वाळलेला गठ्ठा उचलला, झटकला. कुंकू गळून पडले. आतले कापड पांढरे शुभ्र. मग त्यांनी ओला उलगडला. पहिली घडी लाल. दुसरी लाल. तिसऱ्या घडीत, जिथे चिमटे आणि कात्री बांधलेली होती, तिथेही लाल ओघळ पोचला होता.

अक्कांनी त्या ओघळावरून बोट फिरवले. एवढेच म्हणाल्या, "आंतपर्यंत गेलें गे."

"पण अक्का, गठ्ठे एवढे ओले निघतात कां? आधीं निघत होते?"

"आधीं नाही. या वर्षींच. मी म्हटलें, बरेंच झालें."

तेव्हा मधुमिता वाकली, माझ्या पोटात हात घालून तळाची जाळी फिरवून काढली. चादरींच्या तंतूंचा, लिंबाएवढा मोठा बोळा तिथे घट्ट बसला होता. वाफेचे पाणी निघायला वाटच नव्हती. आणि मित्रांनो, मला ते ठाऊक होते. पोंगलपासून माझ्या पोटात पाणी साचत होते, जड वाटत होते. मी एकदा तरी कुरकुर करायची होती, झडपेतून शिट्टी मारायची होती. मी गप्प राहिलो. सव्वीस वर्षांचे नाव होते, ते कोण घालवणार? सगळ्या गावावर संशय घेणाऱ्या माझ्याच पोटात गाठ निघाली.

अक्का तो बोळा तळहातावर घेऊन डॉक्टरांसमोर गेल्या. दार उघडे होते, मला ऐकू येत होते. त्या तमिळमध्ये बोलत होत्या, आवाज नेहमीपेक्षा खाली.

"मुलीचा दोष नाही, डॉक्टर. ओले गठ्ठे मीच फळीवर ठेवत आले. हात माझा आहे."



"ते गठ्ठे मीही हातात घेतले होते, अक्का," डॉक्टर म्हणाले. "ओले लागले होते मला. मीही विचारलं नाही." मग त्यांनी मधुमिताला बोलावले. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि तिची वही मागून घेतली. अक्कांनी सही करताना पेन दोनदा झटकले, शाई होती तरी.

दुसऱ्या दिवशी चिघळलेल्या तिघांनाही खरे काय घडले ते डॉक्टरांनी स्वतः सांगितले. मणी रागावला, आणि त्याचा राग रास्त होता. त्याचा माग दोन महिने बंद पडला. आता तो पुन्हा विणतो, पण वाकताना अजून पोटावर हात ठेवतो.

मोरीशेजारची फळी आता काढून टाकली आहे. गठ्ठे जाळीच्या मांडणीवर ठेवतात. दर सोमवारी माझी तळाची जाळी उघडून धुतात. महिन्यातून एकदा जिवंत बीजाणूंची पट्टी माझ्या पोटात घालून बघतात की मी त्यांना खरोखर मारतो का. पूर्वी अशी परीक्षा घेतली असती तर मी अपमान मानला असता. वाफ गेली की अक्का दार बोटभर उघडे ठेवून अर्धा तास थांबतात. मग एकेका गठ्ठ्याला हात लावून बघतात आणि जरा दमट लागला तरी म्हणतात, "ओलें. परत." घरी त्या अजून ओल्या लुगड्यानेच स्वयंपाक करतात. मधुमिता परीक्षा पास होऊन गेली, तिच्या जागी नित्या नावाची मुलगी आली, तिने एकदा याबद्दल विचारले. अक्का म्हणाल्या, "देवाघरीं ओलें, इथें वाळलें. दोन्ही सोवळेंच गे."

मित्रांनो, उद्या तुम्ही नर्स व्हाल, डॉक्टर व्हाल, एखाद्या जुन्या ऑटोक्लेव्हसमोर उभे राहाल. त्याची जाळी धुवा, त्याच्या दाराचे रबर तपासा. कोणाच्या नाकात जंतू सापडला म्हणून त्या माणसाला दाराबाहेर काढण्याआधी पुवाचा अहवाल येऊ द्या. आणि टेपवर काळे पट्टे दिसले, दारावर थाप मारावीशी वाटली, तर आधी तोच हात गठ्ठ्यावर ठेवा. माझा तुमच्यावर विश्वास नाही, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितले. तुम्हीही माझ्यावर ठेवू नका.