देवीच्या गळ्यातला हार

आमच्या वाडीत अष्टमीला बायका आपापला एकेक दागिना देवीला दिवसभर घालायला देतात. कुणाची नथ, कुणाचं डोरलं. तिन्हीसांजेला गुरवीण ते उतरवून ज्याचं त्याला देते. आजवर साधी अदलाबदलसुद्धा झालेली नाही.

औंदा तुळजाबाईंनी हार दिला. रस्त्याकडेची जमीन बंगलेवाल्यांना विकली, त्यातून घडवलेला. गळ्यापासून पार पोटापर्यंत. देण्याआधी त्यांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले, पुढून आणि मागूनही. देवीला ओळख पटावी म्हणून नव्हे, गुरविणीला पटावी म्हणून.

गुरवीण रेश्मा, तरणी पोर. तिच्या नवऱ्याने मोटारसायकल घेतली होती. तुळजाबाईंना ती गाडी आज फारच नवी वाटली.

दुपारभर त्या खांबाला टेकून समोरच बसल्या. रेश्मा देवीच्या मागे गेली की मान लांब करायच्या. आरती सुरू झाली तरी डोळे उघडेच.

शेजारची कल्पना कुजबुजली, "तुळजाक्का, डोळं मिटा की."

"मिटलं तर ध्यान कोन ठिवंल?"

"देवी हाय न्हवं!"

"तिला समदं गाव हाय बघायला."

मग ओट्या भरायला झुंबड उडाली. गर्दी पांगली आणि तुळजाबाई ताडकन उठल्या.

"हार कुटं हाय?"

"हितंच हाय की, काकी."

"मला दिसंना. तुजी पिशवी दाव आदी."

रेश्माने पिशवी पायरीवर उपडी केली. कापूर, वाती, पोरासाठी बांधून घेतलेला खोबऱ्याचा तुकडा. मग तिने देवीच्या अंगावरचं सगळ्यात वरचं लुगडं बाजूला केलं. खाली हार होता.

"तुमच्याच ओटीचं लुगडं हाय, काकी. लई मोटं, समदं झाकलं त्यानं." रेश्माने हाराला हात लावला. "काढून दिऊ का?"

तिन्हीसांज अजून व्हायची होती. नाही म्हणायला तुळजाबाईंनी तोंड उघडलं. सगळ्या बायका तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या.

"दे," त्या म्हणाल्या.

हार हातात आला. आता पाया पडून निघायचं, तर हात कसे जोडायचे? कल्पनाने आपला हात पुढे केला. धाकट्याच्या बाळंतपणात याच हाताने तिने तुळजाबाईंना न्हाऊमाखू घातलं होतं.

"द्या, धरते मी."

तुळजाबाईंनी हार मुठीत आवळला, मूठ दुसऱ्या हाताने झाकली आणि वाकल्या. कपाळ देवीच्या पायरीला टेकलं. डोळे मात्र तिरके, कल्पनाच्या हातावर.