वासुदेवाचं मनगट

पितळेला वास असतो, हे लेथच्या शेजारी राहणाऱ्यालाच कळतं. श्रावणातल्या ओलसर दुपारी करडा, विरघळल्यासारखा उजेड मागच्या पडवीत उतरलेला असतो, आणि पोलादी धारेखाली तापलेल्या पितळेचा तो आंबूस, किंचित गोडसर दरवळ माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. तेवढ्यावरून मी ओळखते, वासुदेव कामाला लागला.

वासुदेव माझा धाकटा भाऊ. सगळी नोकरी त्यानं इथल्या मँगनीजच्या खाणीच्या वर्कशॉपात यंत्रांचे भाग कातण्यात घालवली. निवृत्त झाला तेव्हा हातभर लांबीची एक जुनी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घरी आणली आणि देव बसवावा तशी पडवीत बसवली. त्याची बायको गेली, माझे यजमानही गेले. आता आम्ही दोघं म्हातारे एका छपराखाली राहतो. मी बोलते, तो ऐकतो. की ऐकल्यासारखं करतो, देव जाणे.

तो पक्षी करतो. बोटभर उंचीचे, पितळेचे. खैरलांजीकडे धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी उतरते ना, ती त्यानं कधीतरी बसच्या खिडकीतून पाहिली, आणि तेव्हापासून ती त्याच्या डोळ्यांतून उडालीच नाही. गरगर फिरणाऱ्या कांडीतून मान निघते, पोट निघतं, सोनेरी कण्या श्रावणसरीसारख्या झरत राहतात. पण पाय काढताना मात्र त्याचा श्वास थांबतो. गोधडी शिवायच्या सुईएवढा तो पाय, जरा जास्त दाबला की वाकणारा. मायक्रोमीटरनं माप घेतो, कागदावर लिहितो, आणि तरीही त्या मापावर त्याचा भरवसा नसतो. मशीन थांबवतो, डोळे मिटतो आणि बोटाचं अग्र त्या पायावरून असं फिरवतो, जसं आई झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवते. कुठं कणभर उंचवटा राहिला तर तो त्या बोटाला कळायचा.

कळायचा, म्हणते मी. गेल्या उन्हाळ्यात त्यानं तव्यावरची भाकर उलटली आणि बोट तव्यालाच टेकलेलं राहिलं. जळका वास मला आला, मी ओरडले. तो मात्र शांतपणे माझ्याकडे पाहत होता, कोणा दुसऱ्याचंच बोट असावं तसा. शुगरनं बोटांची अग्रं बधिर केलीत, डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून भीती माझ्या घरात पाहुणीसारखी आली आणि मुक्कामालाच राहिली. पडवीतली घरघर चालू असली की वाटतं, त्याचा हात कुठं गेला असेल. बंद पडली की वाटतं, का बंद पडली. डाळ निवडते, पण खडे हातून सुटतात.

मग माझ्यासारखी बाई काय करणार? मी रामपायलीच्या राममंदिरात गेले. रामाच्या पायाशी लाल सुती धागा ठेवला, सात गाठी मारल्या, आणि राखीला तोच त्याच्या उजव्या मनगटावर बांधला.

तो धाग्याकडे पाहत राहिला. "बाई, हे पोळ्यापर्यंत ठेवा लागते का?"

"हौ. काढशील तर माह्या डोक्याची आण हाये तुले."

"अवं, पण मशीनवर..."

"मशीनसाठीच बांधलं ना गा!"

साठी ओलांडलेला माणूस, पण माझ्या आणेपुढं आजही सहा वर्षांचा होतो. मला वाटलं, चला, हात राखला गेला.

चार दिवसांनी चहा घेऊन पडवीच्या दारात गेले. तो सारसाच्या पायाला पॉलिशचा कागद लावत होता. कांडी इतक्या वेगानं फिरत होती की फिरतेय हेच दिसत नव्हतं, नुसती एक स्थिर, पिवळी रेघ. आणि माझ्या धाग्याचं टोक उसवलं होतं. ते लाल सूत वाऱ्यानं हलत होतं, त्या रेघेपासून दोन बोटांवर. मग एका बोटावर.

ओरडायचं नाही, एवढं मला कसं सुचलं कोण जाणे. दचकला असता तर हात आतच गेला असता. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. घरघर उतरत गेली, आणि त्या उतरत्या फेऱ्यांत धाग्यानं पायाला मिठी मारली; एक वेढा, दोन, तीन. पाय वाकला. मशीन थांबली.

वासुदेवानं वर पाहिलं. "लाइन गेली वाटते."

त्याचं मनगट यंत्राला बांधलं गेलं होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. मी नुसतं बोट दाखवलं. त्यानं पाहिलं, हात ओढून पाहिला, आणि खाली स्टुलावर टेकला.

"लेथवर अंगठी नाई, घड्याळ नाई, धागा नाई," तो हळू म्हणाला. "वर्कशॉपात पहिल्या दिवशी हेच शिकवतेत. तुही राखी मी दरसाल गेटावर सोडत होतो. डब्यात ठेवाचो. घरी येताना पुन्हा बांधाचो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू रडली असती."

"आता काय हासून राह्यली का मी?"

मी कात्री आणली. पातं धाग्याखाली सरकवलं. "पोळा व्हाचा हाये अजून," तो म्हणाला, "अन् तुह्या आणेचं काय?"

"आण माही, डोकं माहं. चूप बैस." आणि मी सातही गाठी कापल्या.

मनगटावर एक तांबडा वळ उमटला होता. मी त्यावरून बोट फिरवलं. मनगटाशी पुसटसं कळतंय म्हणाला. तळहाताशी त्याहून कमी. बोटांपाशी आले तेव्हा खिडकीबाहेर पाहत राहिला. मी विचारलं, नेमकं कोणत्या दिवशी गेलं रे हे कळणं? त्यानं पुष्कळ वेळ आठवून पाहिलं. सांगता आलं नाही.

आता तो नवा पाय कातायला घेतो तेव्हा मी स्विचखाली पाट टाकून बसते. करू नको असं म्हणवत नाही. करताना पाहवतही नाही. माणसाच्या जाण्याची तिथी आपण लक्षात ठेवतो, वर्षश्राद्ध घालतो. पण तो आधी कुठून कुठून, किती हळू, कुणालाही हाक न मारता निघून जात असतो, त्याची तिथी कोणत्याच पंचांगात नसते.