साडीवरचे बूट

मी बुटांचा एक जोड बोलतोय. आम्ही दोघे आहोत, पण बोलणार एकच. डाव्या-उजव्याचा वाद आमच्यात नाही. आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. चिखलात तुडवलं, उन्हात तापवलं, मोच्याने चार वेळा सुई टोचली, त्याचं मला काही नाही. बुटाचा जन्मच त्यासाठी. माझा राग वेगळा आहे. मला दोन महिने माळ्यावर फेकलं होतं, आणि तेही कुणी वैराने नाही, प्रेमाने.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका दुकानाच्या वरच्या खोलीत मला शिवलं. रेक्झिन, जाळीचं कापड, खाली जाड रबर, लेसच्या जागी दोन चिकटपट्ट्या, आणि बाजूला विलायती वाटेल असं एक खोटंच नाव. साचा जरा बिघडलेला होता. त्यामुळे माझा पंजा हवा त्यापेक्षा रुंद झाला. मालक मुकेशशेठने मला उलटंपालटं करून बघितलं, 'ये तो बदक का पैर है' म्हणाला आणि मागच्या फळीवर टाकलं. वर्षभर गिऱ्हाइकं आली, पाय घालून बघितला, हसली आणि दुसरा जोड घेऊन गेली.

२००३च्या हिवाळ्यात माया आली.

माया अंबरनाथची, वय छत्तीस. तिथल्याच एका खाजगी शाळेत बारा वर्षं शिपाई. घंटा द्यायची, वर्गावर्गात नोटीस फिरवायची, तीन मजले दिवसातून वीसदा चढायचे-उतरायचे. नवरा भगवान एमआयडीसीत मशिनवर होता, पाळीची नोकरी. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, जनाबाई.

दोन वर्षांपूर्वी मायाच्या बोटांची पेरं सुजली, मग मनगटं, मग पायांचे चवडे. दोन्हीकडे सारखंच. सकाळी मूठ वळायची नाही. चहाचा कप दोन तळहातांत धरून प्यायची. शेजारणी म्हणाल्या, वात आहे, म्हातारपणी होतो तसा. चौतिसाव्या वर्षी कसलं म्हातारपण? सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं की हा संधिवात वेगळा. अंगाची राखण करणारी फौजच फितूर होऊन आपल्या सांध्यांवर चालून येते. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली आणि राजरत्नकडे धाडलं.

राजरत्न हा तिथला व्यायाम शिकवणारा डॉक्टर. तरुण पोरगा, पण बोलणं मास्तरासारखं. तो म्हणाला होता, "ताई, गोळी आग विझवेल. सांधे हलते ठेवायचे ते तुम्हीच. रोज चाला, पण चपलेत नको, रुंद बुटात. चालून झाल्यावर दोन तासांनीसुद्धा ठणकत असेल, तर दुसऱ्या दिवशी कमी चाला. कमी म्हणालो हं. बंद नाही."

म्हणून ती बूट शोधत फिरत होती. बायकांचे सगळे जोड तिला चिमटत होते. शेवटी मुकेशशेठने मागच्या फळीवरून मला काढलं आणि स्वतःच म्हणाला, "भाभी, ये जेंट्स का माल है. साडीवर कसा दिसणार?"

मायाने स्टुलावर बसून माझ्यात पाय घातला. बोटं आत मोकळी पसरली. चिकटपट्टी तिने बोटांनी नाही, मनगटाने दाबून लावली. उभी राहिली, चार पावलं टाकली.

"दिसू दे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमचं चालणं सुरू झालं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, बोटं जरा सुटली की मला चढवायचं, आणि कॉलनीच्या भिंतीकडेने पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं. पहिली पन्नास पावलं ती खडीवरून अनवाणी चालल्यासारखी टाकायची. मला आतून कळायचं, कुठलं बोट आज जास्त रडतंय ते. टाकीपाशी पोचेस्तोवर पाय तापायचे, घोटे सैल व्हायचे, आणि परतताना तिची चाल बदललेली असायची. मग शाळा. जिने.

लोक हसले. हसणारच. रिक्षा स्टँडवरचे ड्रायव्हर तिला 'पीटी टीचर' म्हणू लागले. जनाबाईंनाही ते रुचलं नाही. विहारात पांढऱ्या साडीवर हे असलं घालून यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. "तिथं तर ते बाहेरच काढायचे असतात, आत्या," एवढंच माया म्हणाली. म्हातारी मात्र पौर्णिमेला माझ्यापासून दोन हात लांब आपली चप्पल काढून ठेवायला विसरली नाही.

सव्वा वर्ष असं गेलं. शाळेत तिने एकही जिना चुकवला नाही.

मग २००५च्या सुरुवातीला आजार भडकला. ताप, सूज, मानही वळेना. राजरत्नने आधीच सांगून ठेवलं होतं की असे दिवस येतील. चार-सहा दिवस पडून राहा, खाटेवरच एकेक सांधा हळूहळू हलवा, उतार पडला की पुन्हा चालायला लागा. माया तसंच करत होती. पण तिसऱ्या दिवशी भगवान पाळीवरून घरी आला, तर ती मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली. नळ फिरवता येत नव्हता म्हणून रडत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्याने तिला उचलून आत नेलं.

संध्याकाळी तो हातांची एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. खिडकीशी मांडली, त्यावर गोधडी घातली. आणि मला उचलून माळ्यावर फेकलं. "हे चालणं-बिलणं बास झालं," तो म्हणाला. "आता तू काही करायचं नाही. मी आहे ना."

सहाव्या दिवशी ताप उतरला. सूजही ओसरू लागली. पण खुर्ची सुटली नाही. माया उठली की तो म्हणायचा, बस. ती चुलीकडे वळली की जनाबाई हातातला झारा काढून घ्यायच्या. शेजारणी मोसंबी आणायच्या, तिच्या गुडघ्यावर हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, नवरा असावा तर असा. माळ्याच्या कडेवरून मला खाली खुर्चीचा हात आणि त्यावर ठेवलेलं तिचं मनगट तेवढं दिसायचं. रोज जास्त बारीक होत चाललेलं.

हेही लपवणार नाही की पहिले काही दिवस तिलाही ते बरं वाटलं. तेरा वर्षं जिने चढलेल्या बाईला कुणी बस म्हटलं तर ती बसते. पण महिन्याभरात गुडघे सरळ होईनात. दवाखान्याची तारीख आली तेव्हा भगवान एकटाच जाऊन गोळ्या घेऊन आला. राजरत्नने विचारलं, ताई कुठे आहेत. आराम करतायत, असं सांगून हा परत आला. घरी येऊन त्याने हे अभिमानाने सांगितलं. मी वर धुळीत पडल्यापडल्या ते ऐकलं. मला त्या क्षणी स्वतःहून हलता आलं असतं, तर मी खाली उडी मारली असती.

आणि एवढ्यावरच थांबलं नव्हतं.

दोन महिने होत आले तेव्हा शाळेतली दुसरी शिपाई, अंजनी, मायाला भेटायला आली. चहा पिता पिता ती जरा फुगूनच बोलली. एवढी वर्षं बरोबर काढली आणि राजीनामा देताना मला साधं विचारलंही नाहीस, असं तिचं म्हणणं.

"कसला राजीनामा?" मायाने विचारलं.

अंजनीने सांगितलं की महिन्यापूर्वी भगवानभाऊ कागद देऊन गेले, त्यावर मायाची सही होती, आणि तिच्या जागी आता नवी बाई लागली आहे.

अंजनी गेल्यावर माया खुर्चीत बसून राहिली. भगवान सहाला आला. जनाबाई भिंतीशी तांदूळ निवडत होत्या. मायाचा आवाज चढला नाही. तिने सरळ विचारलं, सही कोणी केली.

"तुला पेन धरता येत नव्हतं," भगवान म्हणाला. "म्हणून मी केली. तुझ्यासाठीच केलं मी. कुणाला विचार."

"पेन धरता येत नव्हतं. बोलता येत होतं," माया म्हणाली. "मला का नाही विचारलं?"

तो म्हणाला की तू नाहीच म्हणाली असतीस. त्याला वाटलं, हे उत्तर झालं. हेच ते, ज्याचा मला आजही संताप येतो. तिचं उत्तर काय असेल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने प्रश्न विचारला नव्हता.

तेवढ्यात जनाबाईंनी सूप खाली ठेवलं. या बाईला सही हा काय प्रकार आहे हे भगवानपेक्षा जास्त माहीत होतं. विहारातल्या प्रौढवर्गात पाटी घेऊन जाऊन त्या शिकल्या होत्या.

"पंचेचाळिसाव्या वर्षी मी माझं नाव लिहायला शिकले," त्या मुलाला म्हणाल्या. "तोवर तुझा बाप माझा अंगठा धरून कुठंही टेकवायचा. तू बापाच्या वरताण निघालास."

मग त्यांनी कोपऱ्यातली जळमटं काढायची काठी घेतली आणि माळ्यावर ढोसायला लागल्या. आधी एक डबा पडला, मग मी. डावा खाटेखाली गेला, उजवा भगवानच्या पायाशी. डाव्याला म्हातारीनेच काठीने ओढून काढलं आणि पदराने पुसलं.

दुसऱ्या दिवशी माया शाळेकडे निघाली. दहा मिनिटांचा रस्ता. तिला पाऊण तास लागला. गुडघे वाकलेले ते वाकलेलेच. प्रत्येक पावलाला तिच्या टाचेचा भार माझ्यावर वाकडा पडत होता. दोन ठिकाणी ती भिंतीला धरून थांबली. भगवानने रजा टाकली होती. तो रिक्षा घेऊन तिच्या बाजूने, तिच्याच गतीने येत होता आणि दर थोड्या वेळाने बाहेर वाकून बस म्हणत होता. तिने एकदाही तिकडे बघितलं नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर बघत होते. त्या दिवशी त्यांच्यातला कुणी हसला नाही.

मुख्याध्यापिकांनी खुर्ची पुढे केली. माया उभीच राहिली. तो कागद दाखवा म्हणाली. त्यावरची सही सुरेख, वळणदार होती. मायाने टेबलावरचं पेन मुठीत, कालथा धरावा तसं धरलं आणि त्याच कागदाच्या खाली आपलं नाव लिहिलं. बराच वेळ लागला. अक्षरं वाकडीतिकडी आली.

"माझी सही आता अशी येते," ती म्हणाली. "वरची माझी नाही."

बाई ओशाळल्या. पण जागा भरली होती. तुमच्या तब्येतीला झेपलं तरी असतं का, असं त्या समजुतीने म्हणाल्या. माया म्हणाली, "ते मी सांगितलं असतं." आणि आम्ही बाहेर पडलो.

नोकरी लगेच मिळाली नाही. ती राजरत्नकडे गेली. त्याने गुडघे बघितले आणि पहिल्यांदा त्याचाही आवाज चढला, भगवानवर. दोन महिने बसून जे आखडलं होतं ते सुटायला पाच महिने लागले. रोज टाचेखाली उशी घेऊन पाय ताणायचे, रबराचा चेंडू दाबायचा, आणि मग मी. आधी दारापासून कोपऱ्यापर्यंत, मग अर्ध्या भिंतीपर्यंत, मग टाकी. डावा गुडघा शेवटपर्यंत पुरता सरळ झाला नाही. त्याचा हिशेब कोण देणार?

दर सोमवारी ती चालत शाळेत जायची आणि विचारून यायची. पुढच्या वर्षी जूनमध्ये दुपारच्या सत्रात जागा निघाली. तिने आपणहून सांगितलं की सकाळी माझी बोटं उघडत नाहीत, दुपारची घंटा मी देईन. तिला घेतलं.

भगवानला तिने घराबाहेर काढलं नाही, पण माफही पटकन केलं नाही. रेशन दुकानात, बँकेत, कुठेही सही करताना ती तेवढाच वेळ घ्यायची, मागे कितीही माणसं खोळंबोत. तो बाजूला उभा असायचा. हळूहळू तो मदतीला हात पुढे करायच्या आधी विचारायला शिकला: धरू का? कधी ती हो म्हणायची, कधी नाही. नाही म्हटलं की तो हात मागे घ्यायचा. ते शिकायला चाळिशी उलटलेल्या माणसाला दोन वर्षं लागली.

२००८ मध्ये मोची म्हणाला, आता या जोडात जीव नाही. त्याच दिवशी माया कॅम्प दोनमध्ये गेली, तसलाच रुंद जोड घेतला आणि तिथून दवाखान्यात रक्त तपासायला आली. बाकावर शेजारी बनूबाई बसली होती, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. पाय भोपळ्यासारखे सुजलेले, चपला पिशवीत. तिला हाच आजार निघाला होता. बरोबर तिचा दीर होता. तो सगळ्यांना सांगत होता, "वयनीला आता खाटंवरच ठेवायची. शेतात पाऊल टाकू देयाचा नाय."

मायाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने मला काढलं, नवा जोड चढवला आणि मला बनूबाईसमोर ठेवलं. "तुम्हाला काय करायचंय?" तिने विचारलं.

बनूबाईने आधी दिराकडे बघितलं. बहुतेक हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग ती म्हणाली, "माना भात लावाचाय. सगला नाय. थोराच."

"आधी राजरत्न डॉक्टरांना भेटा," माया म्हणाली. "आणि हे घाला."

आता मी बारवीच्या त्या पाड्यावर असतो, पडवीत, कोंबड्यांच्या शेजारी. जाळी फाटली आहे, खोटं विलायती नाव कधीच पुसलं गेलं. दीर मला एकदा उकिरड्यावर टाकून आला होता. बनूबाई लंगडत जाऊन घेऊन आली. सकाळी ती बांधावरून विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. गेल्या हंगामात तिने चार वाफ्यांतला एक वाफा लावला. चिखलात मला नेत नाही, बांधावर ठेवते. तिथून मला ती दिसते, वाकलेली, मध्येच उठून कंबर ताठ करणारी.

मी फार दिवसांचा सोबती नाही. जाताना एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणाचे सांधे सुजले असतील, तर त्याच्यासाठी खुर्ची जरूर आणा. दुखतं तेव्हा माणसाला बसावं लागतं. पण उठायचं कधी, ते त्याला ठरवू द्या. आणि त्याचे बूट त्याचा हात पोचेल अशा जागी ठेवा.

दीर हाक मारतोय, वयनी, खाली बस. तिने माझी पट्टी मनगटाने दाबली आहे. आम्ही निघालो.