येसाजीचा होकार

बटण काजात शिरेना. जर्सीच्या गळ्याशी दोनच बटणं, तीही शोभेची, उघडी राहिली असती तरी कुणी विचारलं नसतं — पण येसाजी दरसाल फायनलला ती गळ्यापर्यंत लावूनच जायचा, म्हणून त्याची बायको आवडीही त्याला ती लावून देत होती, आणि नव्या दोऱ्यानं टाचलेलं ते बटण पुन्हा पुन्हा तिच्या अंगठ्याखालून निसटत होतं.

"आवळतंय का?"

त्यानं मान हलवली. हो.

तिनं गळा जरा सैल केला. "आता बरं वाटतंय ना?"

हो.

गणपतीच्या आधी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, उरली ती ही मान. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिनं एकदा विचारलं होतं, चहा देऊ? — हो. कप पुढे केला तर तोंड फिरवलं. मग नको का? — त्यालाही हो, तसंच, खाली-वर, अगदी मनापासून. कप घेऊन ती आत गेली आणि ओट्याला टेकून तो चहा स्वतःच प्याली. त्यानंतर दोन बाजू असलेला प्रश्न तिनं नवऱ्याला विचारलाच नाही. पेज समोर आणूनच विचारायचं, पेज खायची ना? ऊन अंगावर आलं की, आत जायचं ना? घरातले सगळे प्रश्न तिनं असे बेतले होते की 'हो' हे उत्तर बरोबरच यावं. डॉक्टर विचारत, कितपत कळतं त्यांना? ती म्हणे, सगळं कळतं.

आणि हा कोण, तर जन्माचा 'नाय' म्हणणारा. माहेरी कोंडाण्याला चार दिवस जाऊ? नाय. अंगणात जास्वंद लावू? नाय, साप येतात. एकदा भांडताना मी म्हटलं होतं, आयुष्यात एकदा तरी हो म्हणा... घे बाई. मागताना जरा नीट मागायचं होतंस.

फुटबॉलच्या बाबतीतही तेच. स्वतः कधी खेळला नाही. भात कापलेल्या शेतात पोरांचा सराव चाले तेव्हा बांधावर बसून राहायचा. बॉल बघायचा नाही, पाय बघायचा. आणि फायनलच्या सकाळी टीम ओटीवर आली की तोंडावर सांगायचा. गेल्या साली म्हणाला, "पडाल रं. नेरळवाले पळवून पळवून मारतील तुमाला." तसंच झालं. तर पोशा — याचा लहानपणापासूनचा मित्र, रिक्षा चालवतो, टीमची सगळी उठाठेव त्याच्याकडे — महिनाभर या दारावरून हॉर्न न वाजवता गेला.

आज सकाळी तोच सगळ्यांना घेऊन आला होता.

"येसा, बोल रं बाबा. यंदा आपणच ना?"

कॅप्टन साईराज खुर्चीपुढे उकिडवा बसला होता. येसाजीची नजर खाली गेली, त्या पोराच्या पायांवर, आणि बराच वेळ तिथंच राहिली. मग मान हलली. हो.

"आयला! जन्मात पयल्यांदा हा आपल्या बाजूनं बोलला!" पोशानं मांडीवर थाप मारली. "ह्याला झटका आधीच याया पायजे होता—" आणि जीभ चावून त्यानं आवडीकडे बघितलं. आवडी हसली, ती हसली नसती तर त्या माणसाला पायरी उतरता आली नसती.

"काकू, काका बोलले म्हंजे झालं," साईराज म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता. "काका उगाच बोलत नाय."

ही मान सगळ्यालाच हो म्हणते, हे ती त्याला काय सांगणार होती? आणि... नजर गेली होती ना पायांवर? की मान तशीही गळतेच, दुपारी, जेवताना, बसल्या बसल्या — आणि समोर त्या पोराचे पाय होते, एवढंच? एका प्रश्नाचं काम होतं. नेरळवाले जिंकतील का? त्यालाही मान हलली की संपलं. मग चार महिने या घरात ती एकटीच राहत होती. पेज भरवताना प्रश्न ओठांपर्यंत आला. "नेर..." ती म्हणाली. त्यानं वर बघितलं.

"...मीठ कमी झालंय ना?"

हो.

दुपार कलल्यावर पोशाच्या रिक्षातून ते खोपोलीच्या मैदानावर आले. येसाजीची खुर्ची रेषेलगत मांडली, शेजारी आवडीची. पहिला हाफ गोलाविनाच संपला. पोरं पाणी प्यायला आली तेव्हा नेरळचा एक दाढीवाला मुद्दाम इकडे वळला आणि येसाजीच्या पाया पडला.

"काका, गेल्या साली तुमी बोलला तसंच झालं. यंदा बी आमीच ना?"

आवडी उठून मधे उभी राहिली. "त्यांना बोलायला लावू नको रं, दमलेत."

"बोलायचं कुठं? नुसती मान हलवू दे की, काकू."

"नको म्हटलं ना!"

आवाज एवढा चढला की पलीकडची माणसं वळून बघायला लागली. पोरगा ओशाळून गेला. ती खाली बसली, कानशिलं तापलेली. लहानपणी दारावर नंदीबैल यायचा. पाऊस पडेल का, विचारलं की मान हलवायचा, आणि बाया सुपातून तांदूळ घालायच्या. उलटा प्रश्न कुणी विचारायचं नाही, कारण दोरी धरलेला माणूस तो विचारूच द्यायचा नाही. तसाच आपणही हा माणूस धरून बसलोय का?

शिट्टी झाली. खेळ पुन्हा सुरू झाला. ती त्याच्या कानाशी वाकली, आणि काहीही न बेतता म्हणाली,

"अहो... घरी जाऊया?"

तापानं फणफणत असतानाही शेवटच्या शिट्टीपर्यंत बांधावरून न हललेला माणूस.

मान हलली नाही.

डोळे हलत होते. इकडून तिकडे, खाली, गवताच्या उंचीवर, पळणाऱ्या पायांच्या मागे. कदाचित ऐकू गेलं नसेल. गलका केवढा होता. पुन्हा विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. आनंद होईल असं तिला वाटलं होतं, निदान रडू तरी फुटेल... पण ती त्याच्या कानापासून मागे सरली. म्हणजे ऐकत होता? चार महिने? अंग पुसताना, कूस बदलताना, भिंतीशी बोलावं तशी मी बोलत होते... आणि त्या रात्री, चादर तिसऱ्यांदा बदलताना म्हटलं होतं, सुटा एकदाचे, मीही सुटेन. त्यावर त्यानं मान हलवली होती. हो. तेव्हा तिनं ती मोजलीच नव्हती. सगळ्यालाच हो म्हणतो, त्यातलीच एक.

आजूबाजूची माणसं एकदम ओरडत उभी राहिली. गोल कुणी केला ते तिला दिसलं नाही. आपल्या शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं आहे, याची चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला जाणीव झाली, आणि तिनं पदर सारखा केला.