दोन मामांच्या मधला खिळा

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना खिळा. भिंतीत ठोकायचा नव्हे, भिवंडीतल्या छापखान्यातला. माझ्या डोक्यावर वर टिंब आणि खाली स्वल्पविराम कोरलेला. मला अर्धविराम म्हणतात. पावत्या आणि बिलं छापणाऱ्या गावात मला विचारतो कोण? शेजारचा स्वल्पविराम दिवसभर कामात, आणि मी खान्यात धूळ खात पडलेलो. कुणीतरी उचलावं, एवढीच आस होती.

२००३च्या लग्नसराईत जवळच्या वळ गावच्या कमळबाई आल्या. लेकीच्या, मनालीच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीतही हवी होती. त्यांचे दोघे भाऊ, हिरामण आणि केसरीनाथ, गोदामाला दिलेल्या जमिनीवरून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. "त्याचा नाव असंल तर माझा नको," असं दोघांनीही कळवलं होतं.

"तुळशीरामभाऊ, दोघांचा नाव एकाच ओळीत पायजे," कमळबाई म्हणाल्या. "मामांशिवाय पोर उभी कशी करू?"

खिळे जुळवणाऱ्या तुळशीरामांनी मामा, मामी, गाव अशी सगळी नावं स्वल्पविराम देत लावली आणि वाचून कपाळाला हात लावला.

"कमळताई, यात हिरामणची बायको केसरीनाथच्या घरात चाललीय! आधीच भांडण, त्यात हे."

मग त्यांनी मला उचललं. एकेका घरातली माणसं स्वल्पविरामांनी जोडलेली राहिली. दोन घरांच्या मधे मी उभा राहिलो, माझ्यापुढे 'ॲण्ड'. आता कोण कुणाचं ते स्वच्छ दिसत होतं, आणि ओळ एकच होती. अंगाला शाई लागली तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण मामा येतील का, हा घोर कमळबाईंइतकाच मलाही लागला.

लग्नानंतर त्या लाडू घेऊन आल्या.

"आले का मामा?" तुळशीरामांनी विचारलं.

"दोघव आलं. एक अक्षर बोललं न्हायत. पण पोरीचे मांगं उभं रायलं, एक या बाजूला, एक त्या बाजूला." बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढे कॉम्प्युटर आला, छापखाना बंद झाला. आम्ही किलोवर विकले गेलो. आता मी टेमघरच्या भंगारवाल्याकडे डब्यात पडून आहे. अजून वाटतं, रुसलेली दोन घरं घेऊन कुणीतरी यावं आणि मला मधे उभं करावं.

मित्रांनो, मला खुशाल वितळवा. पण घरच्या पत्रिकेतून अबोला धरलेल्या माणसाचं नाव गाळू नका. तोही ती पत्रिका हातात धरून आपलंच नाव शोधत असतो.