चार दिवसांपुढचं शून्य

चीर चार मिलिमीटर लांबीची होती. चंबूचा गळा जिथे पोटाला मिळतो, नेमकी तिथे. समोरून पाहिलं तर काच स्वच्छ दिसे. खिडकीकडे धरून थोडा तिरका केला की केसाएवढी रेघ चमके आणि लगेच विझे. चंबू नवाकोरा होता, बाहेरून मागवलेला.

खोक्यात असे बारा होते. पाच मी आधीच बाजूला काढले होते. हा सहावा.

अशा चंबूतली हवा काढून घेतली की बाहेरची हवा त्याला चहूबाजूंनी दाबते. काच धड असेल तर निमूट सोसते. चीर असेल तर चंबू फुटतो, आणि समोर बसलेल्याच्या तोंडावर काचा उडतात. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. त्याचं श्रेय प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझ्याकडे येत असे, पण ते होतं तळमजल्यावरच्या काचशाळेतल्या फुंकरमामांचं. गॅसच्या ज्योतीवर काच मऊ करून, नळीने फुंकर घालून ते उपकरणं घडवत, तडकलेली जोडत. दर तीन महिन्यांनी आमची प्रत्येक वस्तू ते त्यांच्या खास दिव्यासमोर धरून पाहत. ते मान हलवत, मग मी तपासणीच्या कागदावर सही करी.

चार महिन्यांपूर्वी विद्यापीठाने प्रत्येक इमारतीत एक पेटी टांगली: खर्च कमी करण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या कल्पना. लोकांनी काय काय टाकलं! शिपायाने लिहिलं, कुलगुरूंच्या दारातलं कारंजं बंद करा, ते कुणी पीत नाही. ग्रंथपालबाईंनी लिहिलं, काटकसरीच्या बैठकांतला नाश्ता बंद करा, बैठका आपोआप बंद होतील. मी मात्र ती पेटी मनावर घेतली.

काचशाळेतली विजेची भट्टी रोज तापे. घडवलेली काच तिच्यात ठेवून सावकाश निववावी लागते, नाहीतर नंतर कधीतरी ती आपोआप तडकते. पण रोज चार-दोन वस्तूंसाठी एवढी मोठी भट्टी? मी मामांना विचारलं, आठवड्याचा माल साठवून दोनच दिवस भट्टी लावली तर?

"लावू की," ते म्हणाले. "काचेला घाई नसते, बाई. घाई माणसांना."

सहा आठवडे आम्ही तसं केलं. मी मीटर लावून रोजची नोंद घेतली. विजेचा वापर निम्म्याहून खाली आला. दोन पानांचं टिपण आणि एक तक्ता मी पेटीत टाकला.

तक्त्यात एक चूक होती. आकड्यांत नव्हे, मोजण्यात. मी फक्त वीज मोजली होती. गॅसच्या नळीला मीटर नव्हता. म्हणून ज्या चार दिवशी मामा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ज्योतीसमोर घामाघूम बसत, त्या दिवसांपुढे माझ्या तक्त्यात शून्य होतं.

तीन आठवड्यांपूर्वी परिपत्रक आलं. माझ्या कल्पनेला पहिलं बक्षीस. त्याखाली दुसरा परिच्छेद: काचशाळा आठवड्यातून दोनच दिवस चालते असं आढळल्याने ती महिनाअखेर बंद करण्यात येत आहे. काच बाहेरून मागवली जाईल. काचकाराचं पद अतिरिक्त ठरवण्यात येत आहे. सदर कर्मचाऱ्याने निवासस्थान रिकामं करावं.

सदर कर्मचाऱ्याला निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

मी धावत खाली गेले. मामा नळ्या जाडीप्रमाणे लावून ठेवत होते.

"या, बक्षीसवाल्या बाई," ते म्हणाले.

"मामा, मी असं लिहिलं नव्हतं."

"ठाऊक आहे. मी वाचलंय तुमचं टिपण. सुबक अक्षर." मग हातातली नळी जागेवर ठेवत, "तुम्ही भट्टी मोजलीत. त्यांनी मला मोजलं. घरी हिने भांडी बांधायला घेतलीत, मी म्हटलं थांब, अजून महिना आहे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नळ्या लावत राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मी कुलसचिवांकडे गेले.

"मॅडम, अभिनंदन!"

"सर, माझा तक्ता चुकीचा वाचला गेलाय. त्यात फक्त वीज आहे. उरलेले चार दिवसही काम चालतं."

"मग तसं लिहायचं होतंत." ते हसले. "तुमचा एकही आकडा आम्ही बदललेला नाही. उलट आमच्यावर कुणी बोट ठेवलं तर आम्ही तुमचंच टिपण पुढे करू. आणि हो, नवी काच येईल, तिच्या तपासणीच्या कागदावर तुमची सही लागेल. अनुदानाचं काम खोळंबायला नको."

"तपासणार कोण?"

"तुम्ही आहात ना प्रमुख?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

हे माझं ठरलेलं वाक्य. एकोणीस वर्षं प्रत्येक बैठकीत मी ते म्हणत आले आणि नंतर कधीच काही सांगितलं नाही. या तीन आठवड्यांत कुलसचिवांच्या कचेरीतून सहीसाठी चारदा फोन आला. चारही वेळा तेच.

काल आई म्हणाली, "बक्षीस घ्यायला कोणती साडी नेसणार?"

"जाणारच नाही."

"का गं?"

मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे घर त्याचं मोडणार आणि रुसून तू बसणार. वा! लहानपणीही असंच. दुधावरची साय किती जाड ते सांगायचीस, पण मांजर दूध पीत असलं तर हाक मारायची नाहीस."

मी रागाने ताट सरकवलं. राग तिचा नव्हता.

आज सकाळी मी खोकं उघडलं. बारातले सहा. दुपारपर्यंत आणखी एक चिरलेला सापडला; तो सातवा चंबू कापडी पिशवीत घालून मी बक्षीस समारंभासाठी सभागृहात गेले. मामा शेवटच्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. मला बघून त्यांनी टाळी वाजवल्याची खूण केली. त्या खुणेने माझा उरलासुरला धीमेपणा संपला.

कुलसचिवांनी भाषण केलं. बचत म्हणजे शिस्त, आकडे खोटं बोलत नाहीत, वगैरे. मग माझं नाव पुकारलं, चौकटीतलं प्रमाणपत्र हातात दिलं आणि ध्वनिक्षेपक पुढे केला.

"दोन शब्द, मॅडम. आणि तो सहीचा कागदही आणलाय, इथेच उरकून टाकू," ते हळूच म्हणाले.

मी प्रमाणपत्र मेजावर पालथं ठेवलं. पिशवीतून चंबू काढून दिव्याकडे तिरका धरला.

"काय करताय?" कुलसचिव पुटपुटले.

"ही चीर मागे बसलेल्यांना दिसणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की माझी मीच दचकले. "मलाही सहज दिसत नाही. सात मला सापडल्या. उरलेल्या पाचांत असतील तर त्या फुंकरमामांनाच दिसतील. माझ्या तक्त्यात चार दिवसांपुढे शून्य आहे, कारण गॅसला मीटर नव्हता. चूक माझी. त्या शून्यावरून माणूस काढायचं तुम्ही ठरवलंत. ती चूक तुमची."

"मॅडम, हे आपण नंतर बोलू. तुम्ही विचार करून..."

"केला." चंबू मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगापासून लांब धरला. "मामांनी तपासल्याशिवाय मी कुठल्याही काचेवर सही करणार नाही. आज नाही, पुढेही नाही. आणि सही नाही, तर उद्या सकाळपासून माझी प्रयोगशाळा बंद."